शंभर टक्के गोल

शाळेत सकाळी निघालेल्या सूचनेत माझ्या सर्वेक्षणाचा हवाला आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सांख्यिकी शिकवायची म्हणून मी वर्गाला ऑनलाइन सर्वेक्षण दिलं. 42 मुलं, उत्तरं 31. एका महाभागाने रोजच्या झोपेचे तास 100 भरले. बाकीच्या तिसांची सरासरी 7 होती, ती याच्या कृपेने थेट 10 झाली. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, मात्र 7 वरून हलला नाही. पुस्तकातली चार पानं त्या एका कुंभकर्णाने शिकवली.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला होता : ‘घरी इंटरनेट आहे का?’ उत्तर, 100 टक्के ‘हो’. पडद्यावर अखंड निळा गोल, एकही फाक नाही. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “पण मॅडम, ज्याच्याकडे नाही तो ‘नाही’ दाबणार कुठून?” मला हेच हवं होतं. तेवढ्यात दारात पर्यवेक्षक सर.

“वा! शंभर टक्के!” त्यांनी मोबाइल काढून गोलाचा फोटो घेतला.

“सर, हे फक्त 31 जणांचं आहे.”

“31 पैकी 31 म्हणजे शंभरच ना? गणित तुम्हीच शिकवता!”

“उरलेल्या 11 जणांनी उत्तरच दिलेलं नाही.”

“नाही म्हणालेत का ते?”

“काहीच म्हणाले नाहीत.”

“मग मौन म्हणजे संमती. म्हणजे 42 पैकी 42. तरीही शंभर!” आणि वर, “निळा रंग छान आहे हो,” म्हणत गेले.

मागचा बाक हसत होता. मी नाही.

हा घोळ जुनाच. अमेरिकेत 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जवळजवळ 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. सुमारे 24 लाख परत आल्या, त्यावरून उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी तेव्हाच्या 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून उचललेले. ऐन मंदीत ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, त्यांना विचारलंच कोणी? निदान त्या साप्ताहिकाची निकालाने फजिती तरी झाली. आमच्याकडे निकाल लागत नाही, सूचना निघते.

‘मॅडमच्या सर्वेक्षणानुसार सर्व विद्यार्थ्यांकडे इंटरनेट असल्याने यापुढे गृहपाठ ऑनलाइनच स्वीकारला जाईल.’ त्या 11 जणांपैकी तिघांच्या वह्या आत्ता माझ्या टेबलावर आहेत. अक्षर सुरेख, उत्तरं बरोबर. यांचे गुण मी कुठे भरू?

सूचनेखाली हरकतींसाठी लिंक आहे. अर्थात ऑनलाइन. मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांनी 1932 साली मत मोजायला पाच पायऱ्या मांडल्या, त्यात नापसंतीलाही दोन पायऱ्या होत्या. आमच्या फॉर्मवर पर्याय दोनच : ‘सहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’. प्रश्नापुढे लाल तारा, म्हणजे रिकामाही सोडता येत नाही.