ऐकलेले पुस्तक, वाचलेले पुस्तक

ऐकलेल्या पुस्तकाला वाचलेले पुस्तक म्हणावे की नाही, हा वाद आमच्या नागपुरातल्या वाचकांमध्ये अलीकडे वारंवार निघतो आणि दोन्ही बाजूंची माणसे तो फार घाईने मिटवतात, असे मला वाटते. एक पक्ष म्हणतो की ऑडिओबुक म्हणजे आळशी माणसाचे वाचन. दुसरा म्हणतो की मजकूर तोच असेल तर कान काय आणि डोळे काय. मी गेली काही वर्षे दोन्ही रीतींनी पुस्तके वाचत आले आहे आणि माझे मत असे झाले आहे की ऐकणे हे वाचनच आहे. परंतु ते प्रत्येक पुस्तकाला मानवत नाही, आणि ज्यांना मानवते त्यांच्या बाबतीतही वाचणारा आवाज कुणाचा आहे, यावर फार काही अवलंबून असते.

आळसाचा आरोप मला मुळीच पटत नाही. मराठी गद्याची सुरुवातच आठवणीतून आणि श्रवणातून झाली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या नागदेवाचार्यांच्या आणि इतर अनुयायांच्या तोंडून ऐकून, आणि हे काम झाले ते आमच्या विदर्भातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरात. पुढे मूळ पोथी नाहीशी झाल्यावर ज्यांना जे पाठ होते त्यावरून लीळाचरित्र पुन्हा उभे केले गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीही समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून सांगितलेली आहे. श्रावणात घरोघरी पोथी लागायची तेव्हा एक जण वाचत असे आणि बाकीचे घर ऐकत असे. त्या ऐकणाऱ्या बायकांना ग्रंथ ठाऊक नाही, असे म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. मात्र त्या बायका ऐकण्यासाठी म्हणून बसत असत. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे दुसरे काही मागत नाहीत, फक्त अवधान मागतात. आजचे ऑडिओबुक बहुतेक वेळा भाजी चिरताना, मेट्रोत किंवा अंबाझरी तलावाच्या काठाने फिरताना ऐकले जाते, आणि माझ्या मते जुन्या आणि नव्या श्रवणातला खरा फरक इथे आहे.

ज्यांना डोळ्यांनी वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी हा वाद निरर्थक आहे. बोलकी पुस्तके मुळात जन्मली ती अंध वाचकांसाठी. अमेरिकेत १९३४ आणि ब्रिटनमध्ये १९३५ पासून ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मिळू लागली. संगीताच्या लाँगप्ले तबकड्या १९४८ मध्ये बाजारात आल्या. त्याच्या कितीतरी आधी अंध वाचक सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांवर कादंबऱ्या ऐकत होते. आमच्या शहरात अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मीही अधूनमधून असते, आणि पुस्तक म्हणजे नेमके काय काय असते हे मला त्या कामाने शिकवले. पृष्ठक्रमांक बोलावा लागतो, अवतरण कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते सांगावे लागते, तळटीप लगेच वाचायची की प्रकरणाच्या शेवटी हे आधी ठरवावे लागते. कोष्टक वाचताना प्रत्येक रकान्याचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला आकडा कशाचा हेच कळत नाही. नकाशा तर शब्दांत नव्याने रचावा लागतो. डेझी नावाच्या पद्धतीत प्रकरण, उपप्रकरण आणि पान यांच्या खुणा ध्वनिमुद्रणातच घातलेल्या असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला हवे ते पान थेट गाठता येते. सर्वसाधारण वाचकांसाठीच्या ऑडिओबुकांत बहुधा प्रकरणांची यादी आणि काही सेकंद मागे जाण्याचे बटण एवढीच सोय असते, याचे मला नवल वाटते. दृष्टिहीनांना सुलभ स्वरूपात पुस्तके मिळावीत यासाठी २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. हा अभिमानाचा विषय मराठी प्रकाशनाच्या व्यवहारात अजून पुरेसा उतरलेला नाही.

डोळस वाचकाच्या आकलनाविषयी संशोधन काय सांगते, हेही पाहायला हवे, कारण दोन्ही पक्ष आपल्याला सोयीचा तेवढाच निष्कर्ष उचलतात. २०१६ मध्ये बेथ रोगोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना एका कथनात्मक पुस्तकाचा भाग दिला. काहींनी तो वाचला, काहींनी ऐकला आणि काहींनी एकाच वेळी दोन्ही केले. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट २०१० मध्ये डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वुडी यांनी विद्यार्थ्यांना अभ्यासाचा मजकूर दिला, तेव्हा ऐकणारे विद्यार्थी वाचणाऱ्यांच्या स्पष्टपणे मागे पडले. मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. गोष्ट पुढे जाते आणि ऐकणाऱ्याला आपल्याबरोबर नेते. युक्तिवाद मात्र माणसाला थांबवतो, मागे पाहायला लावतो. छापील ओळींवरून जाताना आपली नजर नकळत सतत मागे जाऊन एखादा शब्द पुन्हा तपासत असते. ऐकताना हे होत नाही, कारण गती वाचून दाखवणाऱ्याच्या हाती असते. बटण दाबून मागे जाता येते हे खरे, पण त्यासाठी आपले काही निसटले हे आधी लक्षात यावे लागते, आणि निसटलेली गोष्ट बहुधा लक्षातच येत नाही.

म्हणूनच मी चरित्रे, आत्मकथने, प्रवासवर्णने आणि बहुतेक कादंबऱ्या आनंदाने ऐकते, आणि इतिहासाचे वा अर्थशास्त्राचे पुस्तक मात्र हातात घेऊनच वाचते. कवितेचे गणित वेगळे आहे. उत्तम वाचणारा कवितेची लय जिवंत करतो, पण ओळ कुठे तुटली आणि दोन कडव्यांमध्ये किती जागा सुटली, हे कानाला दिसत नाही. मुक्तछंदात तर कवीने तिथेच पुष्कळ काही ठेवलेले असते. मुलांच्या बाबतीत माझा आग्रह अधिक कडक आहे. गोष्टी ऐकणाऱ्या मुलाचा शब्दसंग्रह वाढतो, हे मी जवळून पाहिले आहे, परंतु ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि विरामचिन्हे डोळ्यांखालून शेकडो वेळा गेल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. लहान मुलाच्या हाती पुस्तक असावे आणि सोबत आवाज चालावा, म्हणजे त्याला दोन्हींचा लाभ होईल.

आता आवाजाविषयी. वर्गणी भरून ऑडिओबुके ऐकवणारे स्टोरीटेल हे अ‍ॅप २०१७ च्या अखेरीस भारतात आले आणि त्याने सुरुवातीपासून मराठी पुस्तके दिली, त्यामुळे मराठीत ऐकण्याची सवय मोठ्या वर्गाला लागली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु विदर्भातल्या वाचकाला एक गोष्ट सलते. वऱ्हाडी संवाद असलेले पुस्तक छापील पानावर वाचताना ती बोली आमच्या कानात आपोआप वाजते. तेच संवाद ही बोली न बोललेल्या माणसाने वाचले की शब्द वऱ्हाडी राहतात आणि हेल पुण्याचा होतो. डोळ्याचा ‘डोया’ होतो तेव्हा तो सहज झाला पाहिजे. ‘येऊन राहिलो’ हे नकलेसारखे ऐकू आले की दुःख भोगणारे पात्रसुद्धा विनोदी वाटू लागते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’सारख्या कादंबरीतली पात्रे वऱ्हाडीत बोलतात, आणि त्यांची होरपळ त्या बोलण्यातूनच पोहोचते. अशा पुस्तकाला वाचणारा चुकीचा मिळाला, तर वाईट मुद्रणापेक्षाही मोठी हानी होते, कारण वाईट छपाईत वाचक आपल्या मनातला आवाज वापरू शकतो, इथे त्याला दुसऱ्याचा आवाज घ्यावाच लागतो. उलटही तितकेच खरे आहे. ज्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला छापील वऱ्हाडी जड जाते, त्याच्यापर्यंत ती इथल्या आवाजातून एका बैठकीत पोहोचू शकते. कुठल्याही छापील शब्दसूचीला हे साधणार नाही.

यंत्राने निर्माण केलेल्या आवाजांविषयी मी अजून साशंक आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार असून लिपीत त्यांची खूण नाही, त्यामुळे शब्द ओळखल्याशिवाय उच्चार ठरत नाही, आणि बोलीचा हेल तर त्याच्याही पुढची गोष्ट आहे.

काही व्यावहारिक गोष्टी इथेच नोंदवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, दुपारभर घरात कूलर धडधडत असतो आणि त्याच्या आवाजावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी सांगितली आहे, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. दुचाकीवर कानात पुस्तक लावून वर्धा रस्त्याने जाणारी माणसे मी रोज पाहते. पुस्तक कितीही चांगले असले तरी हे थांबले पाहिजे. शिवाय वर्गणी भरून ऐकलेले पुस्तक आपल्या मालकीचे होत नाही. ते कपाटात राहत नाही, मैत्रिणीला देता येत नाही, आणि वर्गणी संपली की तेही हातून जाते.

या शेवटच्या अडचणीवर निदान काही पुस्तकांपुरता उपाय आपल्या हाती आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. नागपुरात जन्मलेले आणि खामगावात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये गेले. त्यांचे विनोदी लेख आज कुणीही ध्वनिमुद्रित करून विनामूल्य देऊ शकतो. विदर्भ साहित्य संघाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. संघाने, शहरातल्या जुन्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मिळून असे लेखन इथल्या वाचकांच्या आवाजात नोंदवावे, वाचणाऱ्याचे नाव लेखकाच्या नावाखाली स्पष्ट द्यावे, त्याला मानधन द्यावे, आणि पृष्ठांच्या खुणा सुरुवातीपासून घालाव्यात, म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी तेच काम पुन्हा करावे लागणार नाही. एक शांत खोली, बरा मायक्रोफोन आणि संपादनाची जाण असलेला एक माणूस एवढ्यावर हे सुरू होऊ शकते. ज्यांना आठवड्यातून दोन तास वाचायला देता येतील, त्यांनी इथे खाली लिहावे. वऱ्हाडी किंवा पूर्व विदर्भातली झाडीबोली घरात बोलत असाल, तर तेही आवर्जून कळवावे.