मूळ फ्लॅक फाइल्स उडवू नका
गाण्यांच्या फाइल्स लहान करण्यावरचा लेख चांगलाय पण एमपी३ करून झाल्या की फ्लॅक (आवाजातलं काहीही न कापता साठवलेल्या फाइल्स) डिलीट करून जागा मोकळी करा हा सल्ला अजिबात पटला नाही. प्लीज असं कुणी करू नका. एमपी३ करताना जे कापलं जातं ते कायमचं जातं, त्याच एमपी३ची परत फ्लॅक केलीत तर फाइल नुसती फुगते आवाज आहे तसाच राहतो, आणि एमपी३वरून ओपस किंवा एएसी (असेच कापून लहान करणारे दुसरे फॉरमॅट) केलं तर दुसऱ्यांदा कापाकापी. मी हे भोगलंय, सगळा संग्रह १२८ केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट्स, आकडा कमी तर फाइल लहान) एमपी३ करून मूळ फाइल्स पुसल्या आणि आता चांगल्या हेडफोनवर झांजा वाजल्या की त्यांची किणकिण गायब, नुसती पाण्यासारखी सळसळ येते. फार वाईट वाटतं.

आणि एमपी३ करताना सरसकट ३२० केबीपीएस कशाला? चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास जातं. लेम या एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं व्ही० सेटिंग घ्या, ते जिथे गरज तिथेच बिट्स खर्च करतं म्हणून फाइल बऱ्यापैकी लहान होते. प्लेयर ओपस वाजवत असेल तर १२८ला तेच गाणं चार एमबीत बसतं आणि बहुतेकांना मूळ फाइलशी फरक ओळखता येत नाही, फक्त जुने प्लेयर ओपस ओळखतच नाहीत तेव्हा आधी एकच फाइल टाकून बघा. शंका असेल तर फूबार२००० या म्युझिक प्लेयरमध्ये एबीएक्स कंपोनंट (कोणती फाइल वाजतेय ते लपवून तुलना करायला लावणारा) टाकून न बघता ऐका, स्वतःच्या कानांवर ठरवा.