आधी फोम, मग प्रिंटर
एका लेखात प्रॉडक्ट डिझाइनच्या मुलांना पहिल्याच वर्षी थ्रीडी प्रिंटर घ्यायला सांगितलंय. घाई कशाला? हातात धरायच्या वस्तूचा आकार पीयू फोममध्ये (पॉलियुरेथेनचा कडक, हलका फोम) तासाभरात कळतो: हॅकसॉच्या पात्याने कापा, ८० नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने घासा, शेवटी २२० नंबरच्या बारीक पेपरने. मास्क हवाच, भुकटी फार बारीक असते. मॉडेल थर्माकोलचं असेल तर मात्र त्यावर स्प्रे पेंट थेट मारू नका, सॉल्व्हंटने तो विरघळतो. आधी फेविकॉलचे दोन हात द्या नि पूर्ण वाळू द्या.

प्रिंट करायचंच तर एकमेकांत बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा. स्नॅप-फिटचा (दाबून खटकन अडकणाऱ्या जोडाचा) हूक आडवा छापा; प्रिंटर थरावर थर रचतो, त्यामुळे उभा छापला की थरांच्या जोडावरच तुटतो. वाचायला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलचं ‘डीसोर्स’ हे संकेतस्थळ आहे, तेही फुकट.