पर्यंत

मंगळवारी माझी अर्धी रजा कापली गेली. कारण मी वेळेवर पोचलो.

पाण्याचा दिवस होता. टाकी भरली, सात रस्त्याच्या गर्दीतून कशीबशी गाडी काढली आणि कॉलेजच्या मशीनवर अंगठा टेकवला तेव्हा बरोबर १०.१० झाले होते. परिपत्रकात '१०.१० पर्यंत सवलत'. मशीनवर 'लेट'.

मी तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवतो. आदल्याच दिवशी बाउंड्री व्हॅल्यूवर घसा फोडला होता: बग मैदानात नसतो, कुंपणावर बसतो; मर्यादा ४० ची असेल तर ३९, ४०, ४१ तिन्ही तपासा. (पोरांनी फायलीत सगळ्या टेस्ट केस 'पास' लिहिल्यात. प्रोग्राम अजून लिहायचाय.)

ऑफिसात भाऊसाहेबांचा डबा उघडला होता.

"भाऊसाहेब, प्रोग्राममध्ये 'पेक्षा कमी' लिहिलंय, 'किंवा बरोबर' राहून गेलंय."

"सर, पर्यंत म्हणजे काय? पाहुण्याला वेशीपर्यंत सोडलं, म्हणजे आपण वेस ओलांडतो का?"

"वेशीला तरी पोचता ना!"

कडक भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी खोल विचार केला. "पोचतो. पण शिवत नाही."

मी चिडून एरियन ५ या रॉकेटचं उदाहरण काढलं. ४ जून १९९६. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला, जिथं ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. चाळीसेक सेकंदांत रॉकेटचा चुरा.

"माणसं होती त्यात?"

"नव्हती."

"मग? काय सर, लहान पोरासारखं करलालाव! तुमची तर अर्धीच गेली." आणि शेंगाचटणी पुढं सरकवली. मी खाल्ली, हा माझा नालायकपणा.

प्रोग्राम करणारा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. माझ्या पेपरात १०० पैकी ४०, काठावर पास. त्याच्याच प्रोग्रामनं निकाल लावला असता तर पोरगा अजून माझ्या वर्गात असता. त्याला बिल मिळालं, मला मेमो. टेस्टिंग शिकवायला माणूस ठेवलाय. पण विकत घेतलेलं सॉफ्टवेअर त्याला एकदा दाखवावं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

"दुरुस्तीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्या," भाऊसाहेब म्हणाले.

मी मुद्दाम शुक्रवारीच नेला. खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, "अर्ध्या रजेवर गेलेत."