वेगळी पंगत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओटल्यावर रविवारी सकाळी सेव-उसळ संपेपर्यंत सहसा कोणी गंभीर विषय काढत नाही. परंतु वसईकरांच्या बहिणीचा फोन आल्याचे सर्वांना ठाऊक असल्यामुळे भाच्याच्या पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची भाकर प्रथमच घेण्याच्या विधीचे, काय झाले, हे विचारल्यावाचून कोणालाही राहवले नाही. भाच्याला डाऊन सिंड्रोम आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातली प्रश्नोत्तरे पाठ होत नाहीत म्हणून त्याचे नाव यंदाही मागे राहिले, एवढेच वसईकर बोलले.

वकीलसाहेबांनी तत्काळ चष्मा पुसला. कॅथलिक धर्मसंहितेचे ९१३ वे कलम मुलाला पुरेसे ज्ञान असावे आणि त्याची काळजीपूर्वक तयारी झालेली असावी असे सांगते, तेव्हा फादरांचे काहीही चुकलेले नाही, असा निवाडा त्यांनी दिला. शिवाय ‘मतिमंद’ हा शब्द कोणी उच्चारलेलाही नसताना ‘दिव्यांग म्हणावे’ अशी दुरुस्ती सुचवली.

“त्याच वाक्यात पुढे ‘आपापल्या कुवतीनुसार’ असेही आहे,” वसईकर शांतपणे म्हणाले.

“अर्धेच कलम वाचण्याची यांची सवय आमच्या भाडेकरूच्या खटल्यापासूनची आहे,” असे बाईंनी सुनावले. बाईंनी तीस वर्षे विशेष मुलांना शिकवले आणि तो खटला त्या हरल्या, या दोन्ही गोष्टी ओटल्यावर सर्वज्ञात आहेत.

वसईकरांची तयारी पक्की होती. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये कम्युनियनचे वय सातच्या आसपास आणले, तेव्हा मुलांकडून पांडित्याची नव्हे, तर ही भाकर नेहमीची नाही एवढ्या जाणिवेची अपेक्षा ठेवली होती. अमेरिकेतल्या बिशपांनी १९९५ मध्ये काढलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनातही हीच कसोटी आहे. ती जाणीव शब्दांनीच दाखवावी असे नाही. वागण्यातून, हावभावातून किंवा आदराने गप्प राहण्यातून दिसली तरी पुरते, आणि शंका आलीच तर कौल बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीच्या हक्काच्या बाजूने द्यायचा असतो.

“म्हणजे नियम आहेत, फक्त वर्ग घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलेले नाहीत,” डॉक्टर म्हणाले. काही ठिकाणी अशा मुलांसाठी मंद दिव्यांची, हळू संगीताची आणि छोट्या प्रवचनाची निराळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होते, असे त्यांनी कौतुकाने सांगितले.

त्यावर मात्र बाई उसळल्या. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलाला अशी मिस्सा आधार देते, हे त्यांना मान्य होते. परंतु दहाच्या मिस्सेला त्याच्या ओरडण्याकडे लोक वळून पाहतात म्हणून त्याला दुपारी तीनला बोलावायचे, याला सोय म्हणायचे की वेगळी पंगत, असे त्यांनी विचारले. सत्यनारायणाला बोलावून प्रसाद मात्र मागच्या दाराने द्यायचा, असाच हा प्रकार त्यांना वाटत होता. “त्याला दारात उभे करा, गीतांची पुस्तके वाटू द्या. एका रविवारी तो आला नाही, तर पुस्तके कोणी वाटायची अशी पंचाईत लोकांची झाली पाहिजे.”

मला हे फार पटले. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून समावेश झाला असे मानणारे आपल्या मंडळांतही थोडे नाहीत.

वकीलसाहेबांना मात्र माघार ठाऊक नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसोबत राहण्याची ‘लार्श’ ही चळवळ १९६४ मध्ये सुरू करणाऱ्या जाँ वानिए यांनी स्त्रियांचे शोषण केल्याचे २०२० च्या चौकशीत उघड झालेच ना, असे त्यांनी विजयी मुद्रेने विचारले. वसईकरांचा चेहरा उतरला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “झाले, आणि वाईट झाले. म्हणूनच तर मी एखाद्या संताच्या भरवशावर बोलत नाही, शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांविषयी बोलते. आणि त्या माणसाच्या पापाची शिक्षा वसईकरांच्या भाच्याने का भोगायची?”

वकीलसाहेब पुन्हा ‘पुरेसे ज्ञान’ या शब्दांवर आले.

“आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला आधी किती येते हे विचारले होते काय?” बाईंनी विचारले. “आणि तुमच्या मुंजीत मंत्रांचा अर्थ तुम्हाला कोणी विचारला होता?”

डॉक्टर त्या मुंजीत अष्टवर्गाला बसले होते. भिक्षेच्या वेळी गुरुजींनी सांगितलेले वाक्य विसरून हा बटू सगळ्यांदेखत “आई, जिलबी” असे म्हणाला, ही हकीकत त्यांनी साभिनय सांगितली.

“धादांत खोटे!” वकीलसाहेब गरजले. “झोळीत तांदूळ पडत होते, जिलबी पंगतीत होती, आणि मी जिलबीच मागितली!”

“म्हणजे नेहमीच्या अन्नातला फरक कळत होता,” वसईकर म्हणाले, “यांना कम्युनियन द्यायला हरकत नाही.” मग सर्वांत मोठ्याने वकीलसाहेबच हसले आणि सेव-उसळीचे पैसेही त्यांनाच द्यावे लागले.