ताईने ग्रुप सोडला तेव्हा

२०२४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ट्रम्प आणि कमला हॅरिसची ती एकमेव डिबेट झाली, आपल्याकडे ११ तारखेची सकाळ होती, आणि त्यात ट्रम्प म्हणाले की ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफिल्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री खातायत, मांजरं खातायत. दोन दिवसांत त्या वाक्याला चाल लावून गाणं झालं, रील्स आल्या, आमच्या फॅमिली ग्रुपवर पाच जणांनी टाकल्या. मीही हसले होते.

माझी ताई ओहायोत डेटनला राहते, वीसएक वर्षं झाली, आता तिथली नागरिक आहे. स्प्रिंगफिल्ड तिच्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत. तिने त्या रीलखाली एवढंच लिहिलं की माझ्यासोबत काम करणारी एक बाई तिथे राहते, आज तिच्या मुलाची शाळा बॉम्बच्या धमकीमुळे रिकामी केली, प्लीज हे पाठवू नका. यावर आमच्यातल्या कोणी विचारावं ना, की मुलगा ठीक आहे का? नाही. काका म्हणाले, म्हणूनच सांगतो कमलाला मत दे, आपल्या रक्ताची आहे. मावसभाऊ म्हणाला, छे, ट्रम्पच पाहिजे, तो आपल्या बाजूचा. रात्री दीडपर्यंत दोघं भांडले आणि मतदान करणारी एकटी ताई, तिला कोणी बोलूच दिलं नाही. सकाळी बघितलं तर ती ग्रुपमधून बाहेर.

नंतर मी त्या गावाबद्दल वाचत बसले. साठ हजारांच्या आतबाहेर वस्ती, कारखाने बंद पडत गेले तसं गाव रिकामं होत गेलेलं, आणि गेल्या काही वर्षांत हैतीचे दहा-पंधरा हजार लोक कामासाठी तिथे आलेले, बहुतेक कायदेशीर परवानगीने. दवाखान्यांवर, शाळांवर ताण आला हे खरं, गावातले लोक ते उघड बोलत होते. पण कुत्री-मांजरं खाल्ल्याचा काहीच पुरावा नाही असं शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन, जे ट्रम्प यांच्याच पक्षाचे आणि जन्माने स्प्रिंगफिल्डचे, त्यांनीही सांगितलं. तरी तीसच्या वर बॉम्बच्या धमक्या आल्या, सगळ्या खोट्या निघाल्या, पण शाळेत पोर असलेल्या आईला ते आधी कसं कळणार?

आणि वाचता वाचता कळलं की बाहेरच्या लोकांनी या गावाला छळायची ही पहिली वेळ नाही. स्प्रिंगफिल्ड ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे २००० साली अध्यक्षपदासाठी बुश यांच्याविरुद्ध लढलेले अल गोर फक्त ३२४ मतांनी पुढे होते. म्हणून २००४ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन पेपरने आपल्या वाचकांना सांगितलं की तुम्हाला बुशविरुद्ध मत देता येत नाही ना, मग तिथल्या मतदारांना पत्रं लिहा. मतदारयादी विकत घेतली, हजारो वाचकांनी पत्ते मागवले. तिथले लोक भडकले, तुम्ही कोण आम्हाला शिकवणारे म्हणून. निकाल लागला तर बुश ती काउंटी हजाराच्या वर मतांनी जिंकले होते. पत्रांमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ती पत्रं लिहिणारे लोक चांगले होते, मनापासून लिहीत होते, आणि त्यांनी एकाही मतदाराला विचारलं नव्हतं की तुमचं काय चाललंय. आमच्या काकांनी आणि मावसभावाने ताईशी वेगळं काय केलं?

आपल्याकडे पहिला प्रश्न कायम एकच, आपलं कोण? तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरममध्ये कमला हॅरिसच्या आजोळचं गाव म्हणून देवळात पूजा झाल्या, फलक लागले. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात वडलूरु हे ट्रम्प यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी उभे असलेल्या जे. डी. व्हान्सच्या बायकोचं, उषाचं, मूळ गाव, तिथेही प्रार्थना झाल्या. त्या गावकऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आपल्या मातीतलं नाव एवढ्या लांब पोचलं याचा आनंद मला समजतो. पण व्हान्स त्याच ओहायोचे सिनेटर होते आणि डिबेटच्या आदल्या दिवशी हीच अफवा त्यांनी स्वतः पोस्ट केली होती. आम्ही मात्र त्यांची बायको कुठली यातच अडकलेलो.

बाहेरच्यांनी बोलूच नये असं मी अजिबात म्हणत नाही. उलट त्या निवडणुकीचा फटका आपल्याला बसतो, चांगलाच बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लागलं, आणि आंध्रातल्या कोळंबीवाल्यांची ओरड झाली. भीमावरम, कोळंबीचं मोठं केंद्र, त्याच पश्चिम गोदावरी जिल्ह्यात. मग सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला एक लाख डॉलर फी आली. आमच्याच सोसायटीत दोन घरांत तो आठवडाभर नीट जेवण झालं नाही. प्रचारात टॅरिफबद्दल ट्रम्प किती वेळा बोलले होते! लपवलं नव्हतं काही. तेव्हा कोळंबीचं, कपड्यांचं काय होणार हे आपण विचारायला हवं होतं, आपल्या सरकारला, आपल्या खासदारांना, त्याचा आपल्याला पूर्ण हक्क होता. आपण ताईला मत कोणाला द्यायचं ते सांगत बसलो.

मी तिला दोन आठवड्यांनी फोन केला, इतके दिवस हिंमतच होत नव्हती. मत कोणाला देणार हे तेव्हाही विचारलं नाही आणि अजूनही विचारलेलं नाही. त्या बाईच्या मुलाचं विचारलं. ताई जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, शाळेत जातोय गं, पण रोज सकाळी आईला विचारतो, आज लवकर घरी पाठवतील का?