होतकरू बेकरीमालकास सल्ला

आपण बेकरी काढण्याच्या विचारात असाल, तर प्रथम हे ध्यानी घ्यावे की मैदा, वनस्पती तूप, वीज आणि गाळ्याचे भाडे यांचे दर दुसरेच कोणी ठरवतात. आपल्या हाती उरते ती फक्त कारागिराची मजुरी. मैद्याचा व्यापारी घासाघीस करू देत नाही. भट्टीवरच्या माणसाला ती करता येत नाही, कारण गावाहून निघतानाच त्याने आपल्याकडून उचल घेतलेली असते. उचल सढळ हाताने द्यावी, आणि ती फिटत आली असे दिसताच त्याच्या बहिणीच्या लग्नाची आपुलकीने चौकशी करून पुन्हा द्यावी.

हजेरीपटावर नऊ नावे असणे शुभ. दहा झाली की कर्मचारी राज्य विमा लागू होतो आणि मालकाला वेतनाच्या सव्वातीन टक्के रक्कम पदरची भरावी लागते. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी मानगुटीस बसतो. रात्री प्रत्यक्षात किती जण पीठ मळतात, किती जण लाद्या लावतात आणि पहाटे किती सायकली पाव घेऊन निघतात, हे मोजायला कोणी येत नाही. तपासणी झालीच तर ती सकाळी अकरानंतर होते, आणि तेव्हा उरलेली मंडळी पोटमाळ्यावर झोपलेली असतात.

या पोटमाळ्याचे मोल ओळखावे. तो भट्टीच्या डोक्यावरच असल्याने थंडीत पांघरुणाचा खर्च वाचतो; मे महिन्याविषयी बोलू नये. एका सतरंजीवर दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपतात, आणि याला ‘राहण्याची मोफत सोय’ म्हणून ती पगारात धरता येते. कारागिराच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तापलेल्या ट्रेच्या कडेने उठलेले आडवे चट्टे असतात, जुने काळे, नवे लाल. गिऱ्हाइकाला ते दिसू नयेत म्हणून त्याला काउंटरवर येऊ न देणे, हे स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरे.

जादा कामाला कायदा दुप्पट दर सांगतो. त्यावर उपाय असा, की कामाची वेळ घड्याळात न सांगता ‘माल निघेपर्यंत’ अशी सांगावी. चुकून दहावे नाव नोंदले गेले असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे भरू देऊ नयेत. साडेचार वर्षांच्या सुमारास माणसाला गावाची आठवण करून द्यावी आणि महिन्याभराने नवा माणूस म्हणून परत घ्यावे.

पगारवाढ मागितली गेल्यास कारण हाताशी असावे. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले, ते कारण अजून बरीच वर्षे पुरेल. वर्षानुवर्षे त्या धुरात उभा राहिलेला माणूसच हा खर्च समजून घेईल. (लादीमागे दोन रुपये वाढले तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेते, हेही खरे; तेच गिऱ्हाईक शेजारच्या काचेतली पेस्ट्री किंमत न विचारता बांधून नेते.)

किमान वेतनाचा तक्ता मात्र भिंतीवर अवश्य लावावा. महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलत असतो, तेव्हा जुना तक्ता उतरवण्याची घाई करू नये.